शब्द बघू की बोटं?

“सर, शब्द बघू की बोटं बघू?”

एप्रिलमधल्या एका शनिवारी ताईंनी हे विचारलं तेव्हा त्यांचा आवाज रडवेला झाला होता. समोर स्टँडवर भावगीताचे शब्द लिहिलेली वही होती, मांडीवर गिटार. वहीकडे पाहिलं की डावा हात चुकायचा. हाताकडे पाहिलं की ओळ हरवायची, आणि परत वहीत ती शोधेपर्यंत ताल निघून गेलेला असायचा. सप्टेंबरमध्ये सोसायटीच्या गणेशोत्सवात त्यांना हे गाणं स्वतः वाजवत गायचं होतं. नाव देऊन झालं होतं.

मी डोंबिवलीत गिटार शिकवतो. हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि बरीच वर्षं माझं उत्तर एकच होतं: “बघू नका, सवय होईल.” ताईंच्या बाबतीत हे उत्तर नुसतं अपुरं नव्हतं, त्यानं त्यांचं नुकसान झालं. म्हणून हे प्रकरण पहिल्यापासून, माझ्या चुकीसकट, लिहून ठेवतो आहे.

ताई आणि त्यांची गिटार

ताईंचं वय ५६. सहकारी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. गाणं लहानपणापासूनचं, गळा तयार, सा काळी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. गिटार मुलाची, स्टीलच्या तारांची. मुलगा नोकरीसाठी बंगळूरूला गेल्यावर ती कपाटावर पडून होती. ताईंनी ती खाली काढली, पुसली आणि वर्षभर मोबाइलवरचे व्हिडिओ बघत एकट्या शिकल्या. जानेवारीत माझ्याकडे आल्या तेव्हा जी, ई मायनर, सी, डी आणि ए मायनर या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे बोटांनी धरायचे आकार, त्यांना स्वच्छ धरता येत होत्या. एफ येत नव्हती. मानेच्या मणक्याचा जुना त्रास होता, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले व्यायाम त्या नेमानं करत.

व्हिडिओ बघून शिकण्याला मी नावं ठेवणार नाही. ताईंनी एकटीनं मारलेली मजल मोठी होती. पण त्या शिकण्यात एक गोष्ट नकळत घडते. पडद्यावरचा हात बघायचा, मग आपला हात बघायचा, दोन्ही सारखे दिसतात का ते ताडायचं. वर्षभर रोज असं केलं की कॉर्ड बरोबर आहे हे ठरवण्याचं काम डोळ्यांकडे जातं. कान असतात, पण त्यांना कुणी विचारत नाही. ताईंचा कान तर एवढा तयार, की तंबोऱ्याची एक तार किंचित उतरली तरी त्यांना खटकायचं. तोच कान गिटार हातात घेतल्यावर गप्प बसायचा.

मोबाइलच्या चित्रीकरणात दिसलं ते

त्या शनिवारी त्यांची परवानगी घेऊन मी पूर्ण गाणं मोबाइलवर चित्रित केलं, चेहरा आणि डावा हात दोन्ही दिसतील असं. रात्री ते संथ गतीनं परत परत पाहिलं. गाण्यात जी, ई मायनर, सी, डी ही साखळी १२ वेळा येत होती, म्हणजे कॉर्डचे बदल साधारण ४८. प्रत्येक बदलाच्या वेळी नजर कुठे जाते, एवढंच मी कागदावर खुणा करत मोजलं.

बदल करण्याआधी त्या ४६ वेळा हाताकडे बघत होत्या. यात मला नवल वाटलं नाही. नवल पुढच्या आकड्याचं वाटलं. कॉर्ड धरून झाल्यावर, उजव्या हातानं तारा छेडणं, म्हणजे स्ट्रमिंग, सुरू झाल्यावरसुद्धा ३९ वेळा नजर पुन्हा हातावर गेली होती. बोटं जागेवर पोचलेली, सूर स्वच्छ वाजत असलेला, आणि तरी त्या खाली बघत होत्या.

हे बघणं दोन वेगवेगळ्या कामांचं आहे. पहिल्यात डोळे बोटांना जागा दाखवतात. दुसऱ्यात डोळे खात्री करून घेतात. ही दोन कामं मी इतक्या वर्षांत कधी वेगळी केली नव्हती, “सारखं खाली बघतात” या एकाच तक्रारीत दोन्ही टाकत आलो होतो.

तिसरी गोष्ट चित्रात दिसत होती पण मला तेव्हा कळली नाही. ताईंची गिटार मांडीवर उभी नव्हती, ती मागे, त्यांच्या छातीकडे कललेली होती. फ्रेटबोर्डचा, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांनी (फ्रेटनी) घरं पाडलेल्या लांब पाटीचा, चेहरा वर छताकडे वळलेला. त्याकडे मी नंतर येतो.

मी दिलेला चुकीचा उपाय

मी त्यांना डोळे मिटून वाजवायला सांगितलं. रोज २० मिनिटं, सगळे बदल, डोळे मिटून.

तीन आठवडे त्यांनी हे प्रामाणिकपणे केलं. त्या तीन आठवड्यांत खांदे वर चढले, बोटं तारांवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर देऊ लागली, आणि टोकं इतकी दुखावली की भाकरी थापताना त्रास होतो म्हणाल्या. आधी येत असलेला सी ते डी हा बदलही अडखळू लागला. चौथ्या आठवड्यात पाच दिवस त्यांनी गिटारला हातच लावला नाही. फोनवर म्हणाल्या, “माझं वय झालं असेल, सर.”

वयाचा यात काही दोष नव्हता. हालचाल शिकण्यावर काम करणाऱ्या कॅनडातल्या ल्युक प्रोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांनी हातातली वस्तू लक्ष्यापर्यंत न्यायची, नजरेची मदत घेत सराव करायचा, आणि नंतर ती मदत काढून घ्यायची. ज्यांनी नजरेच्या मदतीनं जास्त सराव केला होता, त्यांचं काम मदत गेल्यावर जास्त बिघडलं. सराव वाढला की डोळ्यांची गरज आपोआप कमी होईल अशी माझी समजूत होती. निदान त्या प्रयोगात घडलं ते उलट. शरीर ज्या खबरीच्या आधारानं शिकतं, त्या खबरीवरच त्याची भिस्त वाढत जाते. ताईंनी वर्षभर नजरेच्या आधारानं सराव केला होता. तो आधार मी एका झटक्यात काढला आणि त्याच्या जागी काहीच दिलं नाही.

अंध गिटारवादकांचा दाखला या ठिकाणी हमखास दिला जातो, मीही देत असे. अमेरिकेतले डॉक वॉटसन यांची दृष्टी पहिला वाढदिवस होण्याआधीच गेली होती. होसे फेलिसियानो जन्मतः अंध आहेत. दोघांचाही हात थक्क करणारा. पण डोळस माणसाला हा दाखला देऊन उपयोग होत नाही असं आता मला वाटतं. त्यांच्या हातांनी पहिल्या दिवसापासून स्पर्श आणि सूर यांच्यावरच विश्वास ठेवला होता, डोळ्यांकडून काम काढून घेण्याची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. ताईंना नेमकं तेच करायचं होतं. बोटांना हे जमू शकतं एवढं त्या दोघांकडून कळतं, पण ताईंनी कुठून सुरुवात करायची ते त्यांच्याकडून कळणार नव्हतं.

टायपिंगची गोष्ट

वाट ताईंनीच दाखवली. मे महिन्यात मी त्यांना घरी भेटायला गेलो. चहा झाला. माझी चूक मी मोकळेपणानं सांगितली. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “मग मला टायपिंग कसं जमलं होतं?”

१९८८ साली त्या सरकारी टायपिंगच्या परीक्षा पास झाल्या होत्या, इंग्रजी मिनिटाला ४० शब्द आणि मराठी ३०. त्या प्रमाणपत्रांवरच बँकेत लागल्या. इन्स्टिट्यूटमध्ये पहिला महिनाभर ए एस डी एफ जी एफ, सेमीकोलन एल के जे एच जे, कागदामागून कागद. बाई मागे उभ्या राहायच्या आणि कुणी कळफलकाकडे पाहिलं की नुसत्या खाकरायच्या.

“बाई ‘बघू नका’ म्हणायच्या का?” मी विचारलं.

“म्हणायच्या. पण बघायला वेळ कुठे होता? उतारा शेजारी लावलेला. नजर उताऱ्यावरून काढली की ओळ चुकायची. आणि बोटं घरी ठेवायची असायची ना.”

बोटं घरी ठेवायची. टायपिंगमध्ये प्रत्येक बोटाला एक ठरलेली कळ असते, बोट कुठेही गेलं तरी परत तिथेच येतं, आणि बाकीच्या कळा तिथून किती अंतरावर आहेत ते शिकायचं असतं. डोळ्यांना त्याच वेळी दुसरं ठाम काम असतं: उतारा वाचणं.

घरी परतताना मला गोव्याचे वादक आठवले. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या वादकांची मोठी फळी होती. त्यातल्या अनेकांचं शिक्षण तिथल्या चर्चच्या शाळांत झालेलं, लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले. रेकॉर्डिंगला समोर कागद यायचा आणि वाजवायचं. नजर कागदावर, मधूनच संगीत-संयोजकाच्या हातावर. व्हायोलिनवर तर फ्रेटही नसतात. त्यांची बोटं डोळ्यांवाचून चालत होती, कारण डोळे मोकळे नव्हतेच.

मी ताईंचे डोळे मिटायला लावले होते, म्हणजे त्यांचं काम काढून घेतलं होतं. आणि बोटांना घरही दिलं नव्हतं.

चष्मा आणि कललेली गिटार

बोटांच्या घराकडे वळण्याआधी एक आडवाट घ्यावी लागली.

त्या भेटीत ताई सोफ्यावर बसून वाजवत होत्या आणि मी पहिल्यांदा समोरून न बघता त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. तिथून कललेली गिटार नीट दिसली. गिटार अशी मागे कलवली की वाजवणाऱ्याला फ्रेटबोर्ड वरून दिसतो, म्हणूनच नवशिके ती कलवतात. पण मग डाव्या मनगटाला जास्त वाकून बोटं तारांवर आणावी लागतात. वाकलेल्या मनगटातून बोटांना ताकद कमी मिळते आणि पहिलं बोट (तर्जनी) सरळ आडवं पडत नाही, एफला तर ते आडवंच लागतं. ताईंना एफ न येण्याचं कारण बोटांच्या ताकदीत मी शोधत होतो, ते इथे होतं. गाडं असं फिरत होतं: दिसावं म्हणून गिटार कलवायची, कलवल्यामुळे कॉर्ड कच्ची लागायची, कच्ची लागते म्हणून आणखी बघायचं.

मग मी विचारलं, “एवढी का कलवावी लागते? पहिला फ्रेट दिसत नाही का?”

“दिसतो, पण पुसट.”

त्यांचा चष्मा प्रोग्रेसिव्ह होता. या काचेत वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला आणि मधला एक अरुंद पट्टा मधल्या अंतरासाठी असतो. खालच्या भागात कडेकडेला प्रतिमा पसरट, अस्पष्ट होते. गिटारचा पहिला फ्रेट डाव्या बाजूला हातभर लांब असतो. डोळ्यांच्या कोपऱ्यातून सहज नजर टाकली तर तो नेमका काचेच्या त्या पुसट भागातून दिसतो. स्वच्छ दिसण्यासाठी ताईंना अख्खी मान डावीकडे वळवून खाली झुकवावी लागत होती, दर बदलाला. दुखऱ्या मानेनं. तीन महिने त्या माझ्यासमोर बसून हे करत होत्या आणि मी मात्र सवय, आत्मविश्वास असले शब्द वापरत होतो. याची मला आजही खंत वाटते.

चष्म्याच्या दुकानात त्यांनी अडचण सांगितली. तिथे मधल्या अंतराचा, एकाच नंबराचा साधा चष्मा करून मिळाला. त्यातून वहीही स्वच्छ दिसत होती आणि फ्रेटबोर्डही, मान न वळवता. सोफा बंद केला आणि विनाहातांची जेवणाच्या टेबलाची खुर्ची घेतली. गिटार उभी, तिची मान किंचित वर, हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं टोक, साधारण खांद्याच्या उंचीला. आता डावा हात नजरेच्या कडेला आपोआप येत होता.

नुसत्या या बदलानं दोन आठवड्यांत बदलाआधीचं बघणं ४६ वरून ३० च्या आसपास आलं. अजून एकही व्यायाम दिला नव्हता.

कानाकडे परत दिलेलं काम

आधी ते दुसरं बघणं, खात्रीचं, काढायचं ठरवलं, कारण त्यासाठी लागणारा कान ताईंकडे तयार होता.

कॉर्ड बघून धरायची. मग नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. आता तारा एकेक करून छेडायच्या आणि कुठली तार नीट वाजत नाही ते तोंडानं सांगायचं. तार थप्प वाजली तर दुसरं कुठलं तरी बोट तिला चिकटलं आहे. झिणझिणली तर बोट फ्रेटपासून मागे राहिलं आहे किंवा दाब कमी आहे. ओळखलं की न बघता बोट सरकवायचं आणि तीच तार परत छेडायची. डोळे शेवटपर्यंत कॅलेंडरवर.

चौथ्या दिवशी ताईंचा फोन आला. “सर, सीमध्ये माझं पहिलं बोट आडवं पडतंय, म्हणून पहिली तार मुकी होते. मला बघून कधीच कळलं नव्हतं.” बघून कळणार कसं? बोट तारेला केसाएवढं चिकटलेलं असतं, वरून ते बरोबरच दिसतं.

जूनच्या शेवटी खात्रीचं बघणं जवळपास संपलं. मी ते थांबवायला सांगितलं नव्हतं, त्याची गरज उरली नव्हती.

बोटांची घरं

पहिलं बघणं अवघड होतं. बोटांना जागा दाखवायचं डोळ्यांचं काम स्पर्शाकडे द्यायचं तर स्पर्शाला खुणा लागतात. गिटारवर त्या भरपूर आहेत, आपण त्यांना हात लावत असूनही त्यांची दखल घेत नाही.

ताईंच्या गिटारवर सहावी, पाचवी, चौथी आणि तिसरी या चार तारांवर बारीक तारेचं वेटोळं आहे, दुसरी आणि पहिली सपाट आहेत. म्हणजे बोट तिसरीवरून दुसरीवर गेलं की खरखरीतपणा संपून गुळगुळीत लागतं. ही सीमा अंधारातही सापडते. जाडीचंही तसंच. अशा संचात सहावी तार पहिलीच्या चौपटीहून जाड असते. फ्रेटची धातूची पट्टी बोटाच्या टोकाला कडेनं लागते, आणि ती जेमतेम लागेल इतक्या जवळ बोट ठेवलं की दाबही कमी लागतो. पहिल्याच फ्रेटवर असलं तर तळहाताच्या कडेजवळ नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारा टेकणारी पट्टी, असतो. आठवडाभर ताईंनी वाजवलं काहीच नाही, संध्याकाळी टीव्ही बघताना मांडीवर गिटार घेऊन फक्त या खुणा चाचपल्या.

मग साखळी घेतली. सह्याद्रीत कातळटप्पा उतरताना जुने भटके नवख्याला सांगतात, एका वेळी एकच आधार सोडायचा. पाय टेकल्याशिवाय हाताची खाच सोडायची नाही. कॉर्डच्या बदलात हेच बघायचं होतं: कुठलं बोट जागचं न हलता राहू शकतं?

ताई जी ही कॉर्ड चार बोटांनी धरतात. पहिलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं सहाव्या तारेवर तिसऱ्याला, अनामिका दुसऱ्या तारेवर आणि करंगळी पहिल्या तारेवर, दोन्ही तिसऱ्या फ्रेटला. ई मायनर त्या मधल्या बोटानं आणि अनामिकेनं धरत होत्या, व्हिडिओत तसं होतं म्हणून. मी ती पहिल्या आणि मधल्या बोटानं धरायला लावली. आता जीवरून ई मायनरवर जाताना पहिलं बोट पाचव्या तारेवर बसूनच राहतं. ई मायनरमध्ये मधलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला आहे, आणि सीमध्येही ते तिथेच लागतं, म्हणजे त्या बदलात मधलं बोट राहतं. डीवरून परत जीवर येताना अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला तशीच राहते.

चार बदलांपैकी तीन बदलांत एक बोट घरी राहतं. उरला सी ते डी. तिथे सगळी बोटं उचलावी लागतात.

चित्रीकरणाचा तो कागद मी परत काढला. कुठल्या बदलाला किती बघितलं हे तेव्हा वेगळं लिहिलं नव्हतं, म्हणून चित्रफीत पुन्हा पाहिली. सगळ्यात लांब नजर, वहीवरची ओळ हरवण्याइतकी लांब, सी ते डीलाच जात होती. त्यांच्या डोळ्यांना ही अडचण माझ्याआधी कळली होती.

या एका बदलासाठी वेगळा रस्ता केला. सीमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला असते, डीमध्ये दुसऱ्या तारेवर, पण तिसऱ्याच फ्रेटला. तिला फक्त आडवं जायचं आहे, पुढेमागे नाही. तारांवरून अलगद घासत न्यायची आणि खरखर संपून गुळगुळीत तार, म्हणजे दुसरी, लागली की थांबायचं. ती टेकली की पहिलं आणि मधलं बोट तिच्या आजूबाजूला एका फ्रेटनं मागे बसतात. अनामिका आधी, बाकीची मागून. मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजणारं यंत्र, मिनिटाला ५० ठोक्यांवर, एका कॉर्डला चार मात्रा. चौथ्या मात्रेवर हात सोडून मोकळ्या तारा वाजल्या तरी चालतील असं ठरवलं, म्हणजे हाताला सवड मिळते आणि ताल मोडत नाही. अनेक वादक तसंच करतात, ऐकणाऱ्याला ते खटकत नाही.

याशिवाय एक सोपा व्यायाम रोज दहा वेळा होता. बघून कॉर्ड धरायची, बोटं तारांवरून जेमतेम उचलायची आणि न बघता परत टेकवायची. जमलं की बोटभर उचलायची. मग हात गुडघ्यावर नेऊन परत आणायचा आणि वाजवून ऐकायचं. इथे ताईंना एक मोकळीक दिली होती: चुकलं तर बघा, पण आधी ऐका. बहुतेक वेळा ऐकल्यावर बघायची गरज राहत नसे.

या सगळ्यात वही स्टँडवर कायम उघडी होती, टायपिंगच्या उताऱ्यासारखी. पाठ असलेलं गाणंही त्या वहीतून वाचत गात होत्या, कारण डोळ्यांना जायला जागा हवी होती.

कॅपोनं घातलेला घोळ

जुलैच्या शेवटी एक शनिवार असा आला की सगळं विसरल्यासारखं झालं. घरी उत्तम वाजत होतं, वर्गात बोटं सारखी फ्रेटवर चढत होती. ताई हिरमुसल्या.

कारण साधं होतं. त्यांचा सा काळी पाच, म्हणून जीचे आकार वापरताना कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर लावावा लागतो. आठवडाभर घरी त्यांनी गायल्याशिवाय, नुसत्या हाताचा सराव केला होता आणि कॅपो लावला नव्हता.

गिटारचे फ्रेट सारख्या अंतरावर नसतात, वर जावं तसे जवळ येतात. ६४८ मिलिमीटर लांबीच्या तारेच्या नेहमीच्या गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो, चौथा साधारण ३१, आणि बारावा जेमतेम १९. कॅपो तिसऱ्या फ्रेटवर गेला की ‘पहिला फ्रेट’ म्हणून बोटांना जो मिळतो तो खरा चौथा असतो, पाच-सहा मिलिमीटरनं अरुंद. शिवाय अख्खा हात दहा सेंटिमीटर शरीराकडे सरकतो, कोपर जास्त दुमडतो. बघून वाजवणाऱ्याला हा फरक जाणवतही नाही, डोळे तो सांभाळून घेतात. ताईंची बोटं फसली, कारण ती आता खरोखर अंतर मोजून चालत होती. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला आणि मी तो त्यांना समजावून सांगितला. त्यांना पटायला पुढचा शनिवार उजाडला.

त्यानंतर सराव कायम कॅपो लावून, त्याच खुर्चीवर, त्याच चष्म्यात.

सप्टेंबर

ऑगस्टमध्ये पुन्हा चित्रीकरण केलं. ४८ बदलांत बदलाआधी १४ वेळा नजर खाली गेली, बदलानंतर दोनदा. त्या १४ पैकी ११ वेळा सी ते डी. पण ही नजर आधीसारखी नव्हती. त्या हाताकडे बघत नव्हत्या. गिटारच्या मानेच्या वरच्या कडेला जे बारीक ठिपके असतात, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या फ्रेटला, त्यांतल्या पाचव्याच्या ठिपक्यावर क्षणभर नजर टेकून वहीवर परत जात होती. स्कूटर वळवताना आपण हँडलकडे बघत नाही, वळणाकडे बघतो. त्यांची नजर तशी हाताच्या आधी पुढे जात होती. हे मी शिकवलेलं नव्हतं. कॅपोखाली अनामिकेचं मुक्कामाचं ठिकाण सहाव्या फ्रेटला येतं, आणि पाचव्याचा ठिपका पाहिला की त्याच्या पुढचं घर त्यांना कळायचं.

ते बंद करायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. बैठकीत वाजवणारे कसलेले वादकही लांब उडी घेताना फ्रेटबोर्डकडे बघतात.

गणेशोत्सवातला कार्यक्रम रात्री नऊला, मंडपात. खुर्ची घरून नेली होती. दुसऱ्या कडव्यात ध्वनिक्षेपकाचा खरखराट झाला, ताईंनी वर पाहिलं, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मुलाला मानेनं खूण केली आणि वहीवर परत आल्या. तेवढ्यात ई मायनरवरून सीवर जाऊन झालं होतं. एक डी चुकली, तिसऱ्या कडव्यात. त्यांनी ऐकली, पुढच्या मात्रेवर अनामिका सरकवली, गाणं चालू राहिलं.

मानेबद्दल मी काही दावा करत नाही, त्यांचे व्यायाम आणि डॉक्टर वेगळे आहेत. वाजवल्यानंतर मान आता भरून येत नाही एवढं त्या सांगतात.

आता एफ चालू आहे. ए मायनरवरून एफच्या छोट्या आकारावर जाताना पहिलं बोट दुसऱ्या तारेवरून उचलायचं नाही, तिथेच राहून पहिल्या तारेवर आडवं करायचं. गेल्या शनिवारी त्यांनी ते बघून केलं, मग नजर कॅलेंडरवर नेली, चार तारा एकेक करून छेडल्या. “पहिली मुकी आहे,” म्हणाल्या, आणि न बघता बोट जरासं कलतं केलं.